कानस न लागणारी कॅप

युसूफभाईंना श्वास घेता येत नव्हता. दवाखान्याच्या खुर्चीत ते पुढे वाकून बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. लाळ गिळता येत नव्हती, त्यामुळे ती सरळ माझ्या हातातल्या ट्रेमध्ये पडत होती. हनुवटीखालपासून गळ्यापर्यंत सूज होती, आणि ती मऊ नव्हती. लाकडी पाटासारखी कडक होती. जीभ वर उचलली जाऊन टाळूला टेकली होती. बोलायला गेले की तोंडात पाणी धरून बोलल्यासारखा आवाज येई, शब्द कळत नसत.

सकाळचे नऊ वाजले होते. शनिवार पेठेतला आमचा दातांचा दवाखाना नुकताच उघडला होता. बाहेर बाकावर दोन पेशंट होते. ते हा आवाज ऐकून निघून गेले.

डॉक्टर दामल्यांनी दोन बोटांनी हनुवटीखाली दाबून पाहिलं. बोट आत गेलं नाही. त्यांनी हात काढून घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"हौसाबाई, यांना आडवं करायचं नाही. कुणी काहीही सांगो, आडवं करायचं नाही. जीभ मागे पडली तर श्वास बंद होईल."

"बरं."

"मी स्कूटरवर पुढे जातो. सर्जनला तयार ठेवतो. तुम्ही रिक्षानं आणा."

"बरं."

युसूफभाईंच्या बायकोनं, नसीमभाभींनी, डॉक्टरांची बाही धरली. "डॉक्टरसाहेब, दाढच आहे ना ही? दाढेनं माणूस जातो का कधी?"

डॉक्टर स्कूटरची किल्ली शोधत होते. किल्ली त्यांच्या हातातच होती.

खाली पहिल्या रिक्षावाल्याला मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "तिकडून रिकामं यावं लागतं."

मी म्हटलं, "यांनाही तिकडून परत यायचं आहे. चल."

त्यानं युसूफभाईंकडे पाहिलं आणि मीटर पाडला.

रिक्षात युसूफभाई मधे, एका बाजूला नसीमभाभी, एका बाजूला मी. मी एक हात त्यांच्या कपाळाला लावून डोकं पुढे झुकवून धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं शर्टाची कॉलर. खड्डा आला की त्यांच्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायचा. शिट्टी आली की मी समजायची, अजून चालू आहे. भाभी काहीतरी पुटपुटत होत्या. मी काही पुटपुटत नव्हते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. यांच्या वरच्या दाढेवरची कॅप मी केली होती, आणि ती कशाची केली होती हे डॉक्टरांना माहीत नव्हतं.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. स्ट्रेचरवाला म्हणाला, "आडवं करा पेशंटला."

"करणार नाही."

"ओ बाई, बसलेला पेशंट आत घेत नाहीत. तसा नियम आहे."

"आडवा केला तर मरेल. मग नियम कुणाला लावणार?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. तू आहेस का?"

त्यानं विचार केला आणि चाकाची खुर्ची आणली. तेवढ्यात डॉक्टर दामले एका सर्जनबाईंना घेऊन धावत आले. सर्जनबाईंनी युसूफभाईंच्या गळ्याकडे एकदाच पाहिलं. कुणाला काही विचारलं नाही. "गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागेल," एवढंच म्हणाल्या. भाभींनी कागदावर उर्दूत सही केली. दार बंद झालं. आम्ही तिघं बाकावर बसलो.

आता ही कॅप काय भानगड होती, ते सांगते.

माझं शिक्षण चौथी. धायरी तेव्हा गाव होतं, तिथून मी बसनं शहरात यायची. दवाखान्याच्या मागच्या खोलीत डॉक्टरांची लॅब होती. सुरुवातीला प्लॅस्टरचे साचे धुवायला आणि फरशी पुसायला मला ठेवलं होतं. लॅबमध्ये एक मास्तर होते. माझा हात स्थिर आहे हे त्यांनी पाहिलं आणि मेण कोरायला शिकवलं. पुढे मास्तर आखातात नोकरीला गेले आणि कॅपचं सगळं काम माझ्याकडे आलं. सर्टिफिकेट कुणी विचारलं नाही. कॅप नीट बसली की झालं.

कॅप म्हणजे दातावरची टोपी. दाढ किडून पोखरली, तर डॉक्टर ती साफ करून भरतात आणि चारी बाजूंनी तासतात. मग तिच्यावर बाहेरून धातूची टोपी बसवतात. डॉक्टर तोंडाचं माप घेत. मी त्यात प्लॅस्टर ओतून दातांचा साचा करायची. साच्यातल्या दाढेवर मेणाची टोपी कोरायची, अगदी खऱ्या दाढेसारखी, उंचवटे, खाचा, सगळं. ती मेणाची टोपी मातीसारख्या पुडीत पुरायची आणि भट्टीत ठेवायची. मेण जळून जातं, आत तेवढ्याच आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेला धातू फिरत्या मशीननं फेकायचा. सोनार दागिना ओततो, त्यातलाच प्रकार. फक्त हा दागिना कुणाला दिसत नाही.

धातू तीन होते. एक सोनं. ते पेशंट घरून आणत, मोडलेली अंगठी, जोडीतलं एकटं राहिलेलं कानातलं. त्यात थोडं तांबं-चांदी घालून ते जरा कडक करायचं. दुसरा निकेल-क्रोम. सोनं महाग झालं तेव्हा तो आला. पांढरा, चांगला, बराच कडक. तिसरा कोबाल्ट-क्रोम. तो कॅपसाठी नव्हताच. काढ-घाल करायच्या कवळीला धातूची जाळी असते, तिच्यासाठी तो यायचा. जाळी पातळ असते आणि ती वाकता कामा नये, म्हणून तो सगळ्यांत कडक. दिसायला निकेलसारखाच. शेजारी ठेवले तर ओतणाऱ्यालाच फरक कळतो.

युसूफभाईंचं लेथचं, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशीनचं, वर्कशॉप होतं, भवानी पेठेत, वडिलांच्या वेळेपासूनचं. आमच्या फिरत्या मशीनची स्प्रिंग तुटली, की तेच येऊन करून द्यायचे. त्यामुळे लॅबमध्ये त्यांना कुणी अडवत नसे. त्यांची वरची दाढ किडली. डॉक्टरांनी कॅप सांगितली आणि म्हणाले, सोन्याची केलीत तर उत्तम. नसीमभाभींनी आपली कानातली एक बाळी आणली. दुसरी कुठल्याशा लग्नात हरवली होती.

युसूफभाई म्हणाले, "सोनं? सोनं लेथवर लोण्यासारखं कापलं जातं. वर्षात भोक पडेल."

भाभी म्हणाल्या, "डॉक्टर सांगतायत ना?"

"डॉक्टर दातांचे आहेत. मेटल मला कळतं."

डॉक्टर हसले आणि चिठ्ठीवर निकेल लिहिलं. बाळी परत पिशवीत गेली.

चिठ्ठी घेऊन युसूफभाई मागे माझ्याकडे आले. "हौसाबाई, तुमच्याकडे सगळ्यात कडक मेटल कोणतं?"

मी कोबाल्टचा तुकडा दाखवला. त्यांनी खिशातून छोटी कानस काढली. हा माणूस खिशात कानस ठेवायचा. तुकड्यावर दोनदा घासली. कानस घसरली. निकेलवर घासली, तर ओरखडा उठला.

"हाच," ते म्हणाले. "याला कानस लागत नाही. माझ्या कबरीत सुद्धा तसाच राहील."

"तो कॅपचा नाही."

"तुम्हाला जमणार नाही का?"

हे त्यांनी विचारायला नको होतं. कोबाल्ट ओतायला ज्योत फार मोठी लागते, ओतल्यावर तो आकसतो, आणि घासताना दगड खातो. त्याची कॅप बसवणं अवघड. मास्तरांना सुद्धा कधी जमली नव्हती. मी केली. तिसऱ्या वेळी साच्यावर अशी बसली की मधे केस जाईना. मला फार बरं वाटलं. चिठ्ठीवर निकेल होतं. मी डॉक्टरांना काही सांगितलं नाही.

कॅप बसवली गुरुवारी. तेव्हा पुण्यात गुरुवारी दहानंतर दिवसभर लाईट जायचे. वर्कशॉप बंद असायची. युसूफभाई नेहमी गुरुवारीच यायचे, कारण त्या दिवशी मशीन बंद. नऊला खुर्चीत बसले. डॉक्टरांनी कॅप घालून बघितली, निळा कागद दातांमध्ये धरून चावायला सांगितलं. जिथे कॅप जास्त लागते तिथे निळा ठिपका उठतो. ठिपका उठला. डॉक्टरांनी तो भाग मशीनच्या दगडानं घासला. एक दगड संपला. दुसरा लावला.

"हौसाबाई, रेल्वेचा रूळ वितळवलात का?" डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, "ताजी ओतली आहे."

याला उत्तर म्हणत नाहीत. पण त्यांनी पुढे विचारलं नाही. घासून संपलं आणि लाईट गेले. आता नियम असा की घासलेली जागा पुन्हा पॉलिश करायची, आरशासारखी. पॉलिशची मोटार विजेवर. डॉक्टर म्हणाले, शनिवारी या. युसूफभाई म्हणाले, "शनिवारी माझं मशीन चालू असतं. आज बसवा की. खरखर काय, चावून चावून होईल गुळगुळीत."

सिमेंट हातानंच कालवायचं असतं, त्याला वीज लागत नाही. डॉक्टरांनी कॅप बसवली.

आणि युसूफभाई खूश झाले. इतके खूश की ओळखीपाळखीत सांगत सुटले. लोक येऊन म्हणायचे, युसूफभाईंना केली तसली करा. मी तसल्याच केल्या.

आता कॅपच्या समोर, खालच्या बाजूला, युसूफभाईंची स्वतःची दाढ होती. चांगली, न किडलेली. दाताचं वरचं पांढरं कवच शरीरातली सगळ्यात कडक गोष्ट असते. दोन नैसर्गिक दात एकमेकांवर घासतात, तेव्हा दोघंही थोडे थोडे झिजतात. वर सोनं असेल, तर सोनं थोडं झिजतं, थोडं दबतं, समोरच्याच्या आकाराला येतं. कोबाल्ट दबत नाही आणि झिजतही नाही. मग झिजायला एकच जण उरतो. त्यात मधली एक जागा खरखरीत राहिली असेल, तर ती कानसच. शिवाय युसूफभाई दिवसभर सुपारी चघळायचे, आणि लेथवर बारीक काम असलं की दात आवळून उभे राहायचे. जेवताना दात अर्धा तास लागत असतील. यांचे दिवसाला आठ तास लागत होते.

कवच गेलं की खाली पिवळसर भाग लागतो. तो मऊ. तो भराभर जातो आणि दाढेत वाटीसारखा खळगा होतो. खळग्याच्या खाली नस. वर्ष-दोन वर्षांनी थंड पाणी लागायला लागलं. डॉक्टरांनी दाखवायला बोलावलं. हे आले नाहीत, कारण त्या गुरुवारी कुणाचं तरी लग्न होतं. पुढे एकदा मशीनचा पट्टा बसवायला आले, तेव्हा मी विचारलं, दाढ कशी आहे?

"दुखायची थांबली आपोआप."

मी म्हटलं, "बरं झालं."

इतकी वर्षं दातांच्या दवाखान्यात होते आणि मी म्हटलं, बरं झालं. नस मेली की दाढ दुखायची थांबते. लोकांना वाटतं दाढ बरी झाली. मेलेल्या नशीत पू होतो, तो मुळाखाली साठतो. खालच्या मागच्या दाढांची मुळं फार खोल जातात, त्यामुळे पू कधी कधी हिरडीत न फुटता गळ्याकडे उतरतो. उतरला की दोन दिवसांत माणूस रिक्षात असतो. कॅप बसवून तेव्हा चार वर्षं झाली होती.

तर आम्ही बाकावर बसलो होतो. डॉक्टर दामले घड्याळ बघत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, ती कॅप निकेलची नाही."

"कुठली?"

"युसूफभाईंची. कोबाल्टची आहे."

डॉक्टरांनी घड्याळावरची नजर काढली. मग म्हणाले, "मी चिठ्ठीवर काय लिहिलं होतं?"

"निकेल."

"मग?"

"त्यांनी कडक मागितली. मी केली."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालोच असतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि मी ती घासून, पॉलिश न करता बसवली."

"हो."

"तुम्हाला आठवतंय?"

"गुरुवार होता."

नसीमभाभी बाकाच्या त्या टोकाला होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता मारतील.

"माझी बाळी घेतली असती तर?" त्यांनी विचारलं.

"तर आज आपण बहुतेक इथे नसतो."

"मी तेव्हाच म्हटलं होतं. चौदा वर्षं झाली निकाहाला, माझं एक ऐकलं असेल तर सांगा." मग त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "आणि तुम्ही हो बाई? तुम्हाला तर कळत होतं!"

"कळत होतं," मी म्हटलं.

सांत्वन करायचं तर ते मी करणं बरं दिसलं नसतं.

दोन तासांनी सर्जनबाई बाहेर आल्या. गळ्यातल्या नळीतून श्वास चालू आहे. हनुवटीखाली छेद देऊन पू काढला आहे. दाढही काढली आहे. जगतील की नाही, ते दोन दिवस सांगता येणार नाही. मग त्यांनी कापसात गुंडाळलेली दाढ डॉक्टरांच्या हातात दिली.

डॉक्टरांनी ती पाहिली आणि माझ्याकडे दिली.

एवढी झिजलेली दाढ मी म्हाताऱ्यांच्या तोंडात सुद्धा पाहिली नव्हती. हे चाळिशीतले गृहस्थ. वरचं कवच फक्त कडेला रिंगणासारखं उरलं होतं. मधे वाटी, वाटीच्या तळाशी काळा ठिपका. आणि वाटीचा आकार मी ओळखला. मेणात मी जे उंचवटे कोरले होते, जिथे खाच काढली होती, ते सगळं त्या दाढेवर उलटं उमटलं होतं. साच्यात उमटतं तसं. माझं कोरीव काम इतकं स्पष्ट मी कधी पाहिलं नव्हतं.

दोन दिवस मी धायरीहून सकाळच्या पहिल्या बसनं निघून आधी हॉस्पिटलला जायची. भाभी दारात बसलेल्या असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "चहा घेता का?" मी घेतला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

गळ्यात नळी असली की बोलता येत नाही. युसूफभाईंना पाटी दिली होती. मी खाटेजवळ गेले. त्यांनी पाटीवर लिहिलं, "कॅप कशी आहे?"

मी म्हटलं, "कॅपला काही झालेलं नाही."

त्यांनी समाधानानं मान हलवली. मग मी त्यांना सगळं सांगितलं. धातू, चिठ्ठी, गुरुवार. पेशंट अशक्त आहे, नंतर सांगा, असं डॉक्टर म्हणाले होते. पण नंतर सांगायची सवय मला चार वर्षं होतीच.

युसूफभाईंनी पाटी पुसली. मग लिहिलं, "बुश."

मला कळलं नाही. त्यांनी चित्र काढलं. एक दांडा, त्याभोवती एक कडं. नंतर नळी निघाल्यावर त्यांनी तोंडानं सांगितलं. मशीनचा दांडा फिरतो तिथे त्याच्याभोवती एक कडं बसवतात, त्याला बुश म्हणतात. दांडा पोलादाचा. बुश मुद्दाम मऊ धातूचा करतात. कारण दोघांपैकी एकानं झिजायचंच आहे, तर ज्याला बदलता येतं त्यानं झिजावं.

"पंचवीस वर्षं मी बुश करतोय," ते म्हणाले. आवाज अजून घोगरा होता. "एखाद्या गिऱ्हाइकानं माझ्याकडे पोलादाचा बुश मागितला असता, तर मी त्याला दुकानातून हाकलला असता. तुम्ही मला का नाही हाकललंत?"

"मला जमतं का बघायचं होतं."

"जमलं," ते म्हणाले.

भाभींनी दोघांकडे पाहिलं आणि खाटेवरचा डबा जोरात बंद केला.

दवाखान्यात परतल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "अशा किती केल्यात?"

"सात. यांच्यासकट."

"कुणाकुणाला?"

नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. दात राहतात. प्रत्येक पेशंटचा प्लॅस्टरचा साचा आम्ही नाव-पत्ता लिहून माळ्यावर चपलांच्या खोक्यांत ठेवायचो. मी माळ्यावर चढले आणि साचे एकेक हातात घेऊन बघितले. पाच तासांत सहाच्या सहा काढले. डॉक्टर म्हणाले, चला. त्यांनी पत्र टाकायचा विचार केला होता. पण पत्र वाचून लोक उलट उत्तर लिहितात, येत नाहीत. म्हणून स्कूटरवर मागे बसून मी सगळीकडे गेले.

कात्रजच्या एका डेअरीत काम करणारे गृहस्थ लगेच आले. त्यांच्या खालच्या दाढेचं कवच नुकतंच जायला लागलं होतं. दोन बहिणींना मी एकेक केली होती, त्या आल्या. एकजण सुरतेला गेले होते, त्यांना डॉक्टरांनी ट्रंक कॉल केला. एक बाई आधीच वारल्या होत्या, दाताशी संबंध नव्हता. ते आम्ही नीट विचारून घेतलं.

सहावे शनिवार पेठेतलेच, निवृत्त हेडमास्तर. दारातच उभे राहिले. आत या म्हणाले नाहीत.

डॉक्टरांनी सगळं समजावलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमची कॅप खराब नाही."

"नाही."

"माझा दात दुखत नाही."

"अजून नाही."

"तर जे चांगलं आहे ते काढायचं, आणि जे कमी टिकेल ते बसवायचं, आणि हे सांगायला आपण दोघं स्कूटरवरून आलात."

"हो," डॉक्टर म्हणाले.

"विचार करून कळवतो," ते म्हणाले आणि दार लावलं.

त्यांनी कळवलं नाही. मी दर महिन्याला त्यांच्या दारात जाऊन विचारायची, थंड लागतं का? ते म्हणायचे, आपल्याला दुसरा उद्योग नाही का? मी म्हणायची, आहे, हे करून तिकडेच जायचं आहे. आठव्या महिन्यात म्हणाले, जरासं लागतं. त्याच दिवशी मी त्यांना खुर्चीत बसवलं.

या कॅप काढणं बसवण्यापेक्षा अवघड होतं. एकेक कापून काढायला डॉक्टरांना तास-दीड तास लागायचा. डॉक्टर कापत आणि मी पाणी मारत बसायची. नव्या कॅप मी काही सोन्याच्या केल्या, काही निकेलच्या, आणि डॉक्टरांनी तोंडात घासलेली प्रत्येक जागा परत पॉलिश करून मगच बसवल्या. लाईट गेले तर पेशंटला घरी पाठवायचं, हे ठरलं. मी चिठ्ठीवर जे असेल तेच ओतायचं, हेही ठरलं. ते आधीही ठरलेलंच होतं.

आता चिनी मातीसारख्या पांढऱ्या कॅपचे दिवस आहेत. लोक मला विचारतात, आजी, धातू नाही म्हणजे बरं ना? बरं असतं. पण तिच्यावरची चकाकी घासली आणि परत चढवली नाही, तर तीही समोरचा दात खाते. तेव्हा कॅप बसवायला गेलात तर किती वर्षं टिकेल हे विचारू नका. टिकणारच. समोरच्या दाताचं काय होईल, ते विचारा. आणि घासल्यावर पॉलिश केली का, हेही विचारा. डॉक्टर रागावले, तर समजा केलेली नाही.

युसूफभाई अकरा दिवसांनी घरी गेले. गळ्यावर खूण राहिली. खाली त्या जागी दाढ नाही, वरची कॅपही काढली. त्यानंतर त्यांनी बावीस वर्षं लेथ चालवली. डॉक्टर दामले त्यांच्या आधी गेले, हेडमास्तर त्याच्याही आधी. नसीमभाभी आहेत. मी आहे.